पदाच्या डोक्यावरची चाल

गेल्या पावसाळ्याआधी घराची कौले परतायची म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा आजोबांची लोखंडी ट्रंक खाली आली. आत जमिनीचे पोर्तुगीज कागद होते, वाळवीने जाळी करून टाकलेली कीर्तनाची आख्याने होती आणि तळाशी शिवण सुटलेली दोन नाटकांची पुस्तके होती, 'सौभद्र' आणि 'शारदा'. आजोबा उत्सवी नाटकांत नारद करायचे, हे घरात ऐकून माहीत होते. मी त्यांना रंगमंचावर पाहिलेले नाही. मला आठवतात ते पडवीत बसून सुपारी कातरणारे आजोबा.

पुस्तके उन्हात घातली आणि चाळायला बसलो. ही पदे मला लहानपणापासून पाठ आहेत. पण ती रेडिओवरून, कॅसेटवरून आणि देवळातल्या नाटकांतून पाठ झालेली. पुस्तकातून मी ती कधी वाचली नव्हती. म्हणूनच वयाच्या या टप्प्यावर एक साधी गोष्ट पहिल्यांदा नजरेत भरली. जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. कुठे रागाचे आणि तालाचे नाव असते. कुठे नुसते 'साकी' किंवा 'दिंडी' लिहिलेले असते. आणि कितीतरी ठिकाणी असते 'चाल', आणि तिच्यापुढे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द. म्हणजे हे पद त्या गाण्यासारखे म्हणा. कधी ते गाणे कीर्तनातले असते, कधी लावणी, कधी कानडी पद, कधी बायकांचे गाणे. एका दिंडीच्या शेजारी आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिले होते: 'आईच्या जात्यावरच्या ओवीसारखी, सावकाश.'

मी सरकारी कारकून. कुठला कागद कुठून आला आणि कुठे गेला याची नोंद ठेवण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे असेल, पण मला ती ओळ आवक रजिस्टरातल्या नोंदीसारखी वाटली. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी कुणाकडून काय घेतले ते लपवले नाही, पदाच्या माथ्यावर छापून टाकले. आपण पदे सांभाळली. वरची ओळ मात्र विसरलो. आणि माझे म्हणणे असे आहे की गोव्यातले संगीत नाटक आज जे म्हातारे झाल्यासारखे वाटते, त्याचे कारण या विसरण्यात आहे.

आता थोडे मागे जातो. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी पाहिले होते आणि तसे काही मराठीत व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ही भागवत मंडळी उत्तर कन्नडच्या किनाऱ्याकडची, यक्षगानाच्या मुलखातली. भाव्यांच्या नाटकात आधी गणपती येई, मग सरस्वती येई, विदूषक येई, आणि गाणी सगळी सूत्रधार म्हणे. पात्रे भाषणे करीत आणि युद्धे करीत. पेडण्याच्या कुठल्याही जत्रेत दशावतार पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गणपती नाचून जातो, रिद्धिसिद्धी असतात, सरस्वती येते, संकासुर लोकांना हसवतो, आणि पेटीवरचे बुवा एका बाजूला बसून रात्र ओढून नेतात. भाव्यांनी हे कुठून किती घेतले यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला एवढेच दिसते की आधुनिक मराठी नाटक जन्मले ते असल्या खेळांच्या पडवीत.

मग १८८० साल. ३१ ऑक्टोबरला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. अण्णासाहेब बेळगाव-धारवाडकडचे, गुर्लहोसूरचे. कानडी पदे कानावर, कीर्तन कानावर, लावणी कानावर. उर्दू 'इंद्रसभा' त्यांनी पाहिली होती आणि ते आपल्या भाषेत करून दाखवायचे असे मनाने घेतले होते. त्यांनी मोठी गोष्ट केली ती ही, की गाणे सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी घातले. शकुंतलेचे दुःख शकुंतला गाऊ लागली. पण चाली? नव्या चाली रचायला ते बसले नाहीत. प्रेक्षक ज्या चालींवर मान डोलवत मोठा झाला होता त्याच चाली त्यांनी घेतल्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे सगळे हरदासांचे सामान. दिंडीच्या एका चरणात १९ मात्रा, नऊवर थांबा आणि पुढे दहा. त्या थांब्यात चालणाऱ्या माणसाचा श्वास आहे. म्हणून ती कुणालाही म्हणता येते. पहिल्या प्रयोगाला आलेल्या माणसाला शकुंतला नवी असेल, पण तिचा सूर नवा नव्हता. आपल्या घरातल्या बाईसारखी ती गात होती. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले, आणि मग १८९९ मध्ये देवलांची 'शारदा', म्हाताऱ्याला द्यायला काढलेल्या पोरीचे नाटक. त्यातल्या बऱ्याच चाली माजघरातल्या वाटतात. विषय माजघरातला असल्यावर दुसऱ्या कुठल्या असणार!

इथे आपल्या गोव्याचा एक दावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोंगरीचे संतकवी कृष्णंभट्ट बांदकर यांनी 'नटसुभद्राविलास' लिहिले, तेही देवळातल्या उत्सवासाठी, आणि ते अण्णासाहेबांच्या 'सौभद्र'च्या आधीचे, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. कोणाचे कोणी घेतले या भांडणात मला पडायचे नाही. देवळाच्या मांडवात नाटक लिहिणारा माणूस आणि पुण्यात नाटक कंपनी काढणारा माणूस एकाच विहिरीचे पाणी शेंदत होते, एवढे मला पुरते.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली आणल्या. १९११ साली 'मानापमान' आले आणि गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी, दादरे, कजरी यांचे वळण मराठी नाटकात वळवले. १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले लाभले. ख्याल रंगमंचावर आला. बालगंधर्वांचा गळा, प्रेक्षकांचे वन्समोअर, पहाटेपर्यंत चाललेले नाटक. हे सोन्याचे दिवस होते हे मी नाकबूल करणार नाही. आपल्या मंगेशीच्या दीनानाथांनी तर पंजाबी ढंग आणून त्यात वीज सोडली. पण एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. कजरी हेसुद्धा मिर्झापूर-बनारसकडचे पावसातले लोकगीत. ठुमरी-दादऱ्याच्या मुळाशीही तिकडच्या बायकांची चैती-होरीच आहे. म्हणजे टेंब्यांनीही लोकांकडूनच घेतले. फरक इतकाच, की ते लोक आता आपले शेजारी नव्हते. चाल ऐकून 'ही तर आमच्या म्हातारीची' असे म्हणणारा माणूस प्रेक्षागृहातून गेला. त्याच्या जागी 'वा बुवा!' म्हणणारा आला. दोघेही दर्दीच, पण नाते वेगळे.

आणि नंतर, हळूहळू, घेणेच थांबले.

अगदी थांबले असे म्हणणे खरे तर अन्याय होईल. १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनने 'मत्स्यगंधा' केले आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत नाटकाला दुसरा जन्म दिला. मंगेशीच्या पुजारी घराण्यातला हा माणूस. देवळातला चौघडा, पालखीची पदे, घुमटावरच्या आरत्या ऐकत वाढलेला. त्यांनी पद छोटे केले, प्रसंगाला चिकटवले, आणि १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर गाण्यालाच नाटकाचा विषय करून टाकले. त्यानंतर १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' आले. तेंडुलकरांनी कोकणातल्या खेळ्यांचा घाट घेतला आणि भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, अभंग असे सगळे एकमेकांत कालवून एक जहरी संगीत उभे केले. दोन वर्षांनी सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये मेलेल्या माणसालाच कीर्तनकार केला. यांना आपण संगीत नाटक म्हणत नाही, कारण त्यांत तानपुरा लावून बसल्यासारखे कुणी गात नाही. मला विचाराल तर अण्णासाहेबांचे खरे वारस हेच. आणि अगदी अलीकडे, २०१७ साली, प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' व्यावसायिक रंगभूमीवर आले. दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाई, आणि ओवी-अभंगाच्या वळणाची नवी गाणी. संगीत नाटक संपले म्हणणाऱ्या शहरांत लोक रांगा लावून ते बघायला गेले.

तर घेणारे अजून आहेत. प्रश्न आपला आहे, गोव्याचा.

आपल्याकडे उत्सवी रंगभूमी आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगितले तर खरे वाटत नाही, की एकेका तालुक्यात देवळादेवळांतून दरवर्षी गावकरी स्वतः नाटके करतात, वर्गणी काढून, ऑर्गनवाला आणि तबलजी ठरवून, दोन महिने तालमी करून. संगीत नाटकाचे प्रयोगही होतात आणि आपली मंडळी महाराष्ट्राच्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेत जाऊन बक्षिसेही आणतात. याचा मला अभिमान आहे. पण काय करतो आपण? 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'मानापमान', फार तर 'मत्स्यगंधा'. आणि गातो कसे? रेकॉर्डवर आहे तसे. जागा न् जागा, हरकत न् हरकत. परीक्षक खाली बसून मनातल्या रेकॉर्डशी ताडून बघतात. मी स्वतः भजनात पेटी वाजवतो, म्हणून हे आतून सांगतो: आम्हांला पदाची नक्कल येते, चाल येत नाही.

दुसऱ्या बाजूला बघा. आपल्या अंगणात तियात्र आहे. १८९२ साली, १७ एप्रिलला, मुंबईत 'इटालियन भुरगो' झाला तो पहिला तियात्र. तो करणारा लुकाझिन्य रिबेरो आसगावचा, इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर हिंडलेला. ऑपेराचा थाट आणि आपला जागर यांचे हे लग्न. तियात्रावर आपण मराठीवाले नाक मुरडतो, त्यातले विनोद, त्यातले भडक रंग. पण प्रत्येक नव्या तियात्रात कांतारां नवी असतात. गेल्या महिन्यात पंचायतीत जे घडले ते या महिन्यात गाण्यात येते. सव्वाशे वर्षांनंतरही तो लोकांच्या पैशावर चालतो, तिकीट काढून. आपली पदे मात्र शंभर वर्षांपूर्वीची. मग तरुण मुले येत नाहीत म्हणून आपण व्याख्याने देतो.

या संदर्भात चीनची एक गोष्ट मला फार दिवस डोक्यात घोळवत ठेवते. चिनी ऑपेरा म्हटला की आपल्यासमोर रंगवलेले चेहरे येतात. त्यांच्याकडेही बालगंधर्वांच्या पिढीचा मेई लानफांग होता, स्त्रीभूमिका करणारा, १९३० साली अमेरिका जिंकून आलेला. हा पेकिंग ऑपेरासुद्धा मुळात राजधानीचा नव्हे. १७९० साली बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आन्हुई प्रांतातल्या मंडळ्या बीजिंगला आल्या, त्यांच्या प्रांतोप्रांतीच्या चाली एकत्र झाल्या आणि त्यातून तो घडला. पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. १९४२ साली येनानला माओने लेखक-कलावंतांना सुनावले की गावांत जा, लोकांकडून शिका. तिथल्या लू शुन अकादमीचे तरुण खेड्यांत गेले. यांगको नावाचा शेतकऱ्यांचा नाच-गाण्याचा प्रकार त्यांनी उचलला. नावाचा अर्थच मुळी भाताच्या रोपांचे गाणे. लोकगीते लिहून घेतली आणि १९४५ साली 'पांढऱ्या केसांची मुलगी' नावाचा नवा ऑपेरा उभा केला. कर्जापायी जमीनदाराच्या घरी ओढून नेलेली शेतकऱ्याची पोर, पळून डोंगरात राहते, तिचे केस पांढरे होतात, गाववाले तिला भूत समजतात. या शीअरच्या गाण्यांचा सूर हपेई प्रांतातल्या एका लोकगीतातून काढला आहे. ते गाणे आई मेलेल्या पोरीचे.

मी ते यूट्यूबवर ऐकत होतो. शब्द एक कळत नव्हता. आई आत तांदूळ निवडत होती. तिने आतूनच विचारले, "कित्याक रडटा रे तें चेडूं?"

चाल म्हणतात ती ही. भाषा ओलांडून स्वयंपाकघरात जाते.

पण चीनची गोष्ट इथेच संपवली तर मी अर्धीच फाईल पुढे पाठवल्यासारखे होईल. ज्यांनी गावात जा म्हटले त्यांनीच गावाने काय गावे हेही ठरवले. पुढे १९६६ ते १९७६च्या सांस्कृतिक क्रांतीत मोजकी 'आदर्श' नाटके सोडून बाकी सारे बंद झाले, जुने ऑपेरा पेटीत गेले, आणि त्या पांढऱ्या केसांच्या पोरीचा बॅले करून तोच तो दाखवत राहिले. ज्या लोकगीताने तिला रडवले होते ते आता घोषणा द्यायला उभे राहिले. सरकारचा माणूस म्हणून मला हे समजते. सरकारला चाल नको असते, तिला संख्या हवी असते. आपल्याकडे हुकूम नाही, पण लोकोत्सवाचा रंगमंच आहे. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर तासन्‌तास चालणारा धालो तिथे सात मिनिटांत बसवतात, एकसारख्या साड्या नेसवून, आणि सातवे मिनिट झाले की निवेदिका माईककडे येते. २०१९ साली आपल्या सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. मला आनंदच झाला. घोरपडीचे कातडे कायद्याने गेले, बकऱ्याचे आले, आवाज थोडा बदलला, तरी घुमट राहिले. पण ते वाजते गणपतीत आणि मिरवणुकीत. संगीत नाटकाच्या खड्ड्यात ऑर्गनशेजारी मी ते एकदाही पाहिलेले नाही.

आता जे सांगायचे मी टाळत आलो ते सांगतो.

आमच्या बाजूच्या एका देवळाच्या उत्सव समितीत मी चिटणीस होतो. एक मुलगा आला. औद्योगिक वसाहतीत कामाला, संध्याकाळी पेटी शिकणारा. त्याने नाटक लिहिले होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्या वर्षीचे, एका ट्रकवाल्याच्या घराचे. डिचोलीत असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. दारात उभा ट्रक, बँकेचे हप्ते, आणि बायको जी काही बोलत नाही. त्या बायकोला त्याने पदे दिली होती. पदांना चाली कुठल्या? एक धालोची, एक गवळणकाल्यातली, आणि शेवटचे पद सत्तरीतल्या रणमाल्याच्या वळणाचे, घुमट आणि कासाळ्यावर. बँकेचा माणूस येतो तेव्हा मात्र त्याने साकी वापरली होती, हरदासी थाटात, व्याजाचा हिशेब सांगायला. मला हसू आले आणि अंगावर काटाही आला. अण्णासाहेबांनी हेच केले असते.

सभेत त्याने दोन पदे म्हणून दाखवली. आवाज बेताचा. सगळे गप्प. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "बरें आसा. पूण ताका संगीत नाटक म्हणनात रे." दुसरे म्हणाले की उत्सवाला लोक देवाचे किंवा करमणुकीचे नाटक बघायला येतात, खाणीचे रडगाणे घरी आहेच. तिसऱ्यांचे म्हणणे, धालो हा मांडावरचा, तो नाटकात आणणे बरे नव्हे. शेवटी 'संशयकल्लोळ' ठरले. पदे सगळ्यांना माहीत, पार्टी करणारी बाई ठरलेली, पडदेही मिळतात. मी तोंड उघडले नाही. हात वर करायला सांगितला तेव्हा बहुमताबरोबर केला. आणि इतिवृत्तात लिहिले: 'सदर प्रस्ताव पुढील वर्षी विचारात घ्यावा.' या वाक्याचा अर्थ माझ्याएवढा कुणाला कळणार? ते मी आयुष्यभर लिहीत आलो आहे.

त्यांतल्या तिसऱ्या आक्षेपाला मात्र मी हलका मानत नाही. धालोत रंभा येतात, काही गाणी मांड जागवायची असतात, काही मोडायची. माझी आई सत्तरी ओलांडलेली. तिच्या तोंडून मी मोबाईलवर चाळीसएक गाणी उतरवून घेतली, पण पाच-सहा गाणी तिने घरात म्हणायला साफ नकार दिला. मांडाबाहेर म्हणायची नाहीत. मी हट्ट केला नाही. सगळेच उचलून आणावे असे माझे म्हणणे नाही. ज्याचा त्याने दरवाजा ओळखावा. पण उरलेली पस्तीस तर तिने हसत म्हटली. आणि हेही खरे, की त्याच धालोत शेवटच्या दिवशी बायका पुरुषांचे कपडे चढवून पारध करतात, सोंगे आणतात, नकला करतात. धालो आणि नाटक हे परके नव्हेत. एकमेकांना चांगले ओळखतात.

देवघेव नेहमी एकाच दिशेने होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. आज दशावतारातले बुवा राजाच्या प्रवेशाला सरळ नाट्यसंगीतातली चाल लावतात, रागदारी घेतात, कधी सिनेमाची चालही वाकवून बसवतात. पूर्वी नाटकाने खेळ्यांकडून घेतले, आता खेळे नाटकाकडून परत घेतात. शुद्धतावाद्यांना हे खुपते. मला नाही खुपत. पेडण्यात पहाटे तीन वाजता, थंडीत, शेंगदाणे खात बसलेली माणसे अजून जागी असतात. कारण बुवा आज काय करतील हे त्यांना ठाऊक नसते. 'सौभद्र'मध्ये पुढे काय होणार, कुठली तान कुठे पडणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि तरी आपण जातो ते त्या ठाऊक असण्यासाठीच. यातही सुख आहे. मी ते घेत आलो आहे. पण त्या सुखावर नवा माणूस उभा राहत नाही.

मी मोबाईलवर उतरवलेली गाणी म्हणजे जतन, असे मला दोन वर्षे वाटत होते. आता वाटते ती नुसती आवक. चाल टिकते ती दुसऱ्याने वापरली म्हणून. जात्यावरची ओवी आजोबांनी दिंडीत घातली म्हणून त्यांच्या आईचा सूर त्या पेन्सिलीच्या ओळीतून माझ्यापर्यंत आला. जाते आता अंगणात तुळशीपाशी पालथे पडले आहे.

मी त्या मुलाला शोधून काढले. तिस्कावर भेटलो, चहा घेतला. मी समितीचा विषय काढला, तो म्हणाला, "जावं दी, दादा." त्याने नाटक फाडले नव्हते. एका मित्राच्या घराच्या मोकळ्या जागेत, कसलाही उत्सव न धरता, पंचवीस-तीस माणसांपुढे करायचे त्याच्या मनात आहे. घुमट वाजवणारे दोघे मिळाले आहेत. बायकोच्या कामाला मुलगी मिळाली आहे, नर्सिंगचे शिकणारी. पेटीला कोणी नाही म्हणाला आणि माझ्याकडे बघितले.

गेल्या रविवारी तो घरी आला. मी आजोबांचे पुस्तक दाखवले. तो बराच वेळ पदे न वाचता नुसत्या वरच्या ओळीच वाचत होता. मग त्याने वही काढली, आपल्या पहिल्या पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहिले आणि पुढे काय लिहायचे ते आईला विचारले. ते कुठले गाणे, त्याला नाव काय. आई म्हणाली, नाव कसले, आम्ही म्हणतो. मग म्हणाली, तू म्हणून दाखव बघू. त्याने म्हटले. मी पेटी धरली. दुसऱ्या कडव्याला तिने हात वर केला.

"धांवूं नाका रे," ती म्हणाली. "हांगा बायलो फाटीं सरतात."

ती उठली, पदर खोचला आणि पावले दाखवू लागली.